तीव्र फुप्फुस-अपयशातील कृत्रिम श्वसनाच्या पद्धती : सिरोंचासारख्या दुर्गम तालुक्याच्या संदर्भात एक तुलनात्मक विवेचन

प्रस्तावना

गडचिरोली जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला, प्राणहिता व गोदावरी या नद्यांच्या संगमाजवळ सिरोंचा हे तालुक्याचे ठिकाण वसलेले आहे. पलीकडच्या तीरावर तेलंगणातील कालेश्वर. याच तालुक्यात पुढे सोमनूरजवळ इंद्रावती गोदावरीस मिळते आणि तेथून छत्तीसगडची हद्द लागते. बाजारात तेलुगू, कचेरीत मराठी आणि जंगलातील गावांत गोंडी-माडिया असा येथील भाषाव्यवहार आहे. जिल्ह्याचे ठिकाण दोनशे किलोमीटरहून अधिक दूर असून वाटेत आलापल्लीचे दाट अरण्य लागते. त्यामुळे अत्यवस्थ रुग्णाला गडचिरोली-चंद्रपूरकडे न्यावे की नदी ओलांडून मंचेरियाल, करीमनगर वा वरंगलकडे न्यावे, हा प्रश्न येथील कुटुंबांना नवा नाही. जुलै २०२२ मध्ये गोदावरीला आलेल्या महापुरात तालुक्यातील अनेक गावे रिकामी करावी लागली होती. अशा दिवसांत हा पर्यायही उरत नाही.

अशा ठिकाणी एखाद्या रुग्णाची फुप्फुसे निकामी होऊ लागली, तर कृत्रिम श्वसनाची कोणती पद्धत 'सर्वोत्तम' म्हणावी? गेल्या पाव शतकात या विषयावर जगभर मोठ्या तुलनात्मक चाचण्या झाल्या. त्यांपैकी बहुतेक चाचण्या श्रीमंत देशांतील सुसज्ज अतिदक्षता विभागांत झालेल्या आहेत. त्यांचे निष्कर्ष जसेच्या तसे उचलून आणता येत नाहीत. परंतु त्यांचे काळजीपूर्वक वाचन केल्यास एक अनपेक्षित गोष्ट निदर्शनास येते. ज्या उपायांच्या बाजूने सर्वांत भक्कम पुरावा उभा आहे, ते उपाय सर्वांत महागडे नाहीत. प्रस्तुत लेखात या पद्धतींची तुलना वैद्यकशास्त्राबाहेरील प्राध्यापक-वाचकांना समोर ठेवून केली आहे.

भाता बंद पडणे आणि फुप्फुस भरून येणे

श्वसनाचे अपयश दोन अगदी वेगळ्या कारणांनी येते आणि पुढील सारे विवेचन या भेदावर अवलंबून आहे. पहिल्या प्रकारात फुप्फुसे निरोगी असतात, पण त्यांना हलवणारा भाता बंद पडतो. मण्यार चावल्यावर हेच घडते. विषामुळे नसांकडून स्नायूंकडे जाणारा संदेश तुटतो, पापण्या जड होतात, गिळता येत नाही आणि अखेरीस छातीचे स्नायू व श्वासपटल थांबते. अशा रुग्णाला नळी घालून काही दिवस नुसती हवा देत राहिले, तर तो बहुधा पूर्ण बरा होऊन घरी जातो. येथे पद्धतीची चिकित्सा फारशी लागत नाही. हवा आत-बाहेर करणारे हात किंवा यंत्र अखंड चालू राहणे, एवढेच पुरते.

दुसऱ्या प्रकारात भाता शाबूत असतो, पण फुप्फुसच बिघडते. महाराष्ट्रातील हिवतापाच्या नोंदींत गडचिरोली जिल्हा दीर्घकाळ अग्रभागी राहिला आहे. फाल्सिपेरम जातीच्या तीव्र हिवतापात रक्तकेशिकांच्या भिंती झिरपू लागतात व वायुकोशांत द्रव साचतो. औषध सुरू होऊन रक्तातील परोपजीवी कमी होत असतानाही हे घडू शकते, त्यामुळे ताप उतरला म्हणून निर्धास्त झालेले नातेवाईक गोंधळून जातात. न्यूमोनिया, जंतुदोष, बुडणे, मोठी जखम अशा अनेक कारणांनी फुप्फुसाची हीच अवस्था होते. १९६७ साली अॅशबॉ व त्यांच्या सहकाऱ्यांनी 'लॅन्सेट'मध्ये अशा १२ रुग्णांचे वर्णन केले. त्या वर्णनातून 'तीव्र श्वसनत्रास लक्षणसमूह' ही संज्ञा रूढ झाली. इंग्रजी आद्याक्षरांवरून डॉक्टर तिला 'एआरडीएस' म्हणतात.

२०१२ च्या बर्लिन व्याख्येनुसार रोहिणीतील रक्तामधील प्राणवायूचा दाब आणि रुग्णाला दिल्या जाणाऱ्या हवेतील प्राणवायूचे प्रमाण यांचे गुणोत्तर काढतात. निरोगी माणसात ते ४०० च्या पुढे असते. ३०० वा त्याखाली आल्यास हा आजार मानतात आणि १०० वा त्याहून कमी झाल्यास त्यास तीव्र म्हणतात. या व्याख्येला रक्तवायूंची तपासणी, क्ष-किरण चित्र आणि किमान दाब देणारे यंत्र लागते. रवांडातील किगाली येथे करून २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात याचा रोकडा अर्थ दिसला. रुग्णालयातील १०४६ प्रौढ रुग्णांपैकी बर्लिन व्याख्येत एकही बसला नाही. बोटाला लावायचे प्राणवायूमापक आणि सोनोग्राफी वापरून निकष बदलले तेव्हा ४२ रुग्ण सापडले आणि त्यांपैकी निम्मे दगावले. ज्या रोगाची व्याख्या मोठ्या रुग्णालयाच्या मोजमापांनी लिहिली जाते, तो रोग लहान रुग्णालयात अस्तित्वातच नसतो! २०२३ मध्ये जाहीर झालेल्या जागतिक व्याख्येने हे सुधारित निकष बऱ्याच अंशी स्वीकारले, ही समाधानाची बाब होय.

यंत्राने होणारी इजा

कृत्रिम श्वसनाचा आधुनिक इतिहास बहुधा १९५२ च्या कोपनहेगनपासून सांगितला जातो. तेथे पोलिओची साथ आली होती. श्वास थांबलेल्या पहिल्या ३१ रुग्णांपैकी २७ दगावले, तेव्हा ब्यर्न इब्सेन या भूलतज्ज्ञाने श्वासनलिकेला छेद देऊन त्यातून रबरी पिशवीने हवा भरण्याचा मार्ग सुचवला. यंत्रे नव्हती, म्हणून सुमारे दीड हजार वैद्यकीय विद्यार्थ्यांनी पाळ्या लावून हातांनी पिशव्या दाबल्या. मृत्यूचे प्रमाण निम्म्याखाली आले. ते रुग्ण मात्र पहिल्या प्रकारचे होते. त्यांची फुप्फुसे मूलतः ठीक होती.

हीच रीत पुढे बिघडलेल्या फुप्फुसांनाही लावली गेली आणि दोन-तीन दशके तिच्यातील धोका पुरेसा ध्यानात आला नाही. इटलीतील लुचियानो गातिनोनी यांनी संगणकीय छेदचित्रांच्या आधारे दाखवून दिले की, एआरडीएसमध्ये संपूर्ण फुप्फुस सारखेच कडक होत नाही. पाठीकडचा भाग द्रवाने भरून बंद पडतो आणि छातीकडचा थोडासा भागच हवा घेण्यास उघडा राहतो. या उरलेल्या भागाला त्यांनी 'बाळ-फुप्फुस' असे समर्पक नाव दिले. मोठ्या माणसाच्या मापाने भरलेली हवा आता या बाळ-फुप्फुसात कोंबली जाते. वायुकोश ताणले जातात, त्यांची नाजूक भिंत फाटते, दर श्वासाला मिटणारे-उघडणारे कोश घासले जातात आणि त्यातून सुटणारी दाहजनक द्रव्ये रक्तावाटे मूत्रपिंड व यकृतापर्यंत पोहोचतात. जीव वाचवण्यासाठी लावलेले यंत्रच आजार वाढवू लागते.

म्हणून या क्षेत्रातील तुलनेचा खरा निकष 'कोणत्या पद्धतीने रक्तात अधिक प्राणवायू चढला' हा नसून 'कोणत्या पद्धतीने कमी इजा करून रुग्ण जगला' हा आहे. हे दोन निकष एकाच दिशेने जात असतील असे कोणालाही वाटेल. पण ते तसे जात नाहीत.

लहान श्वास

२००० साली अमेरिकेतील एआरडीएस नेटवर्कची चाचणी प्रसिद्ध झाली. ८६१ रुग्णांची चिठ्ठी टाकल्याप्रमाणे दोन गटांत विभागणी करण्यात आली होती. एका गटाला त्या काळच्या प्रथेप्रमाणे अपेक्षित वजनाच्या दर किलोमागे १२ मिलिलिटरचा श्वास, तर दुसऱ्या गटाला निम्मा, म्हणजे ६ मिलिलिटरचा. दुसऱ्या गटात फुप्फुसातील स्थिर दाब ३० सेंटिमीटर पाण्याच्या वर जाऊ द्यायचा नव्हता. मोठ्या श्वासाच्या गटात ३९.८ टक्के, तर लहान श्वासाच्या गटात ३१.० टक्के रुग्ण दगावले. फरक इतका स्पष्ट होता की चाचणी मुदतीआधीच थांबवण्यात आली. येथे एक तपशील फार बोलका आहे. पहिल्या दिवशी रक्तातील प्राणवायू मोठ्या श्वासाच्या गटात अधिक चांगला होता. खाटेजवळ उभ्या राहणाऱ्या डॉक्टरला तोच उपचार योग्य वाटला असता.

या पद्धतीसाठी नवे यंत्र, नवे औषध असे काहीही लागत नाही. लागते ती मोजपट्टी. 'अपेक्षित वजन' हे रुग्णाच्या प्रत्यक्ष वजनावरून नव्हे, तर उंचीवरून काढतात, कारण फुप्फुसाचे आकारमान उंचीशी बांधलेले असते. पुरुषासाठी ५० आणि स्त्रीसाठी ४५.५ ही संख्या घ्यायची आणि तिच्यात उंचीच्या १५२.४ सेंटिमीटरपेक्षा अधिक वा उणे असलेल्या प्रत्येक सेंटिमीटरमागे ०.९१ मिळवायचे वा वजा करायचे. १४८ सेंटिमीटर उंचीची स्त्री घेऊ. विदर्भाच्या ग्रामीण भागात ही उंची काही अपवादात्मक नाही. तिचे अपेक्षित वजन ४१.५ किलो येते व तिला सुमारे २५० मिलिलिटरचा श्वास योग्य ठरतो. 'प्रौढ रुग्ण' म्हणून सवयीने यंत्रावर ४५० चा आकडा ठेवला, तर तिला किलोमागे जवळजवळ ११ मिलिलिटर हवा मिळते. म्हणजे २००० च्या चाचणीत ज्या गटात अधिक मृत्यू झाले, जवळपास त्याच गटात ती नकळत जाऊन बसते. हाताने दाबायच्या प्रौढांच्या पिशवीबाबतही हेच म्हणता येईल. ती पूर्ण दाबली की अर्ध्या लिटरहून अधिक हवा सहज आत जाते. लांबच्या प्रवासात, घाबरलेल्या हातांनी, ती पूर्णच दाबली जाते.

उंचीने लहान असलेल्या रुग्णांच्या, विशेषतः स्त्रियांच्या, वाट्याला ही चूक अधिक येते हे परदेशी रुग्णालयांतील नोंदींतूनही दिसून आले आहे. आडवे झोपलेल्या रुग्णाची उंची टेपने मोजून खाटेवर लिहून ठेवणे हे दोन मिनिटांचे काम आहे. प्रस्तुत लेखकाच्या मते, दुर्गम भागात पाठवल्या जाणाऱ्या प्रत्येक यंत्रासोबत उंची व श्वास यांचे मराठीतील कोष्टक चिकटवलेले असावे. यंत्राच्या किमतीपुढे या कोष्टकाचा खर्च तो कितीसा?

लहान श्वासाने रक्तातील कर्बवायू वाढतो. तो एका मर्यादेपर्यंत चालवून घेतात. मेंदूला मार लागलेल्या किंवा बेशुद्धी वाढत असलेल्या रुग्णात मात्र तो धोक्याचा ठरतो. त्यामुळे मेंदूचा हिवताप आणि फुप्फुस-अपयश एकाच वेळी असलेल्या रुग्णात डॉक्टरला दोन्ही बाजू तोलाव्या लागतात.

पालथे निजवणे

दुसरा भक्कम पुरावा आहे तो रुग्णाला पालथे निजवण्याच्या बाजूने. उताणे असताना हृदय व पोटातील अवयव यांचा भार फुप्फुसाच्या पाठीकडील भागावर येतो आणि तोच भाग आकाराने मोठा असतो. रुग्णाला पालथे केले की हा भाग उघडतो व हवेची विभागणी अधिक समान होते. परिणामी ताणही वाटला जातो.

२००१ साली गातिनोनी यांच्याच गटाने ३०४ रुग्णांवर केलेल्या चाचणीत प्राणवायू सुधारला, पण मृत्यू कमी झाले नाहीत. दिवसातून सहा-सात तासच रुग्ण पालथे ठेवले गेले होते. २०१३ मध्ये फ्रान्समधील क्लोद ग्वेरँ व सहकाऱ्यांची 'प्रोसेवा' चाचणी आली. तीत अधिक गंभीर असे ४६६ रुग्ण घेतले होते आणि एका वेळी किमान १६ तास पालथे ठेवले होते. अठ्ठावीस दिवसांच्या अखेरीस मृत्यूचे प्रमाण उताण्या गटात ३२.८ टक्के, तर पालथ्या गटात १६.० टक्के होते. या आजारात एखाद्या उपायाने मृत्यू निम्म्यावर आल्याचे उदाहरण दुसरे क्वचितच सापडेल.

असे असूनही २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या, ५० देशांतील ४५९ अतिदक्षता विभागांच्या पाहणीत तीव्र एआरडीएस असलेल्या रुग्णांपैकी केवळ १६.३ टक्के रुग्णांना पालथे निजवल्याचे आढळले. याच पाहणीत हा आजार असूनही सुमारे ४० टक्के रुग्णांत त्याचे निदानच झाले नव्हते. कारणे तांत्रिक नाहीत. नळ्या-सलाईनसह रुग्ण पालथा करायला चार-पाच जाणती माणसे एका वेळी लागतात. नळी निसटू नये म्हणून एकाने फक्त डोके व नळी धरून ठेवायची असते. गाल, कपाळ व गुडघे यांवर दाबव्रण होऊ नयेत म्हणून उशा सरकवाव्या लागतात. पद्धत फुकट आहे, माणसे फुकट नाहीत.

कोविड-१९ च्या साथीत शुद्धीवर असलेल्या, नळी न घातलेल्या रुग्णांनाही पालथे निजण्यास सांगितले जाऊ लागले. सहा देशांतील ११२१ रुग्णांच्या २०२१ मधील एकत्रित विश्लेषणात नळी घालण्याची वेळ येणे वा मृत्यू यांचे प्रमाण ४६ टक्क्यांवरून ४० टक्क्यांवर आले. केवळ मृत्यूंत ठाम फरक दिसला नाही. लाभ माफक असला तरी तो कोणत्याही आरोग्य केंद्रात, रुग्णवाहिकेची वाट पाहत असतानाही घेता येतो. अट एकच, रुग्णाला तो का निजवला जात आहे हे त्याच्या भाषेत सांगणारे कोणीतरी हवे.

अधिक प्रभावी वाटलेले उपाय

उच्छ्वासाच्या अखेरीस फुप्फुसात थोडा दाब राखून वायुकोश मिटू न देणे, हे तंत्र सर्वत्र वापरले जाते आणि ते आवश्यकही आहे. मतभेद आहे तो दाब किती ठेवावा यावर. मिटलेले फुप्फुस मोठ्या दाबाने एकदाच उघडून मग उंच दाबावर धरून ठेवावे, अशी आकर्षक कल्पना होती. ब्राझीलच्या नेतृत्वाखाली १०१० रुग्णांवर झालेल्या २०१७ च्या चाचणीत मात्र अशा रीतीने उपचार केलेल्या गटात ५५.३ टक्के, तर साध्या गटात ४९.३ टक्के रुग्ण अठ्ठावीस दिवसांत दगावले.

अतिजलद कंपनांनी, मिनिटाला शेकडो वेळा, अत्यल्प हवा हलवणाऱ्या यंत्रांचीही अशीच गत झाली. सिद्धान्ततः श्वास जितका लहान तितका चांगला, म्हणून हे यंत्र सर्वोत्तम ठरायला हवे होते. २०१३ मध्ये एकाच वेळी दोन चाचण्या प्रसिद्ध झाल्या. ब्रिटनमधील चाचणीत काहीच फरक आढळला नाही आणि कॅनडाच्या नेतृत्वाखालील चाचणीत कंपनयंत्राच्या गटात ४७ टक्के, तर नेहमीच्या लहान श्वासाच्या गटात ३५ टक्के मृत्यू झाले. महाग यंत्र विकत घेतलेल्या विभागांना हे पचवणे सोपे गेले नसावे.

स्नायू शिथिल करणाऱ्या औषधांचा २०१० मध्ये दिसलेला लाभ २०१९ च्या १००६ रुग्णांवरील मोठ्या चाचणीत टिकला नाही. शरीराबाहेर रक्त काढून त्यात प्राणवायू मिसळणाऱ्या 'एक्मो' यंत्रणेबाबत २०१८ मध्ये २४९ रुग्णांची चाचणी झाली. मृत्यू ४६ टक्क्यांऐवजी ३५ टक्के झाले, परंतु हा फरक संख्याशास्त्रीय कसोटीला पूर्णपणे उतरला नाही. निवडक रुग्णांना तिचा उपयोग होतो, असे आज बहुतेक तज्ज्ञ मानतात. सिरोंचातील रुग्णाच्या दृष्टीने मात्र ती महानगरातील गोष्ट आहे.

नळीविना श्वसन आणि प्राणवायूचे गणित

नाकातून उष्ण, दमट प्राणवायू मोठ्या प्रवाहाने देणे, किंवा घट्ट मुखवट्यातून सतत दाब देणे, या पद्धतींनी नळी टाळता येते. नळी टळली तर भूल, जंतुदोष व सततची तज्ज्ञ देखरेख यांचाही भार टळतो. २०१५ मधील ३१० रुग्णांच्या फ्रेंच-बेल्जियन चाचणीत मोठ्या प्रवाहाच्या गटात नव्वद दिवसांतील मृत्यू कमी होते. ब्रिटनमध्ये कोविडच्या रुग्णांवर झालेल्या व २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत मात्र सतत दाबाच्या मुखवट्याने लाभ झाला, मोठ्या प्रवाहाने झाला नाही. या पद्धतींत एक छुपा धोका आहे. रुग्ण स्वतःच जोरजोराने श्वास ओढत राहतो, थकतो आणि नळी घालण्याची योग्य वेळ निघून जाते. जेथे नळी घालणारा माणूस दहा मिनिटांच्या अंतरावर असतो तेथे थोडी वाट पाहता येते; जेथे तो पाच तासांच्या अंतरावर असतो तेथे 'अजून पाहू' या शब्दांचा अर्थ बदलतो.

त्याहून कठोर असते ते प्राणवायूचे अंकगणित. मोठ्या, म्हणजे डी प्रकारच्या सिलिंडरमध्ये सुमारे ७००० लिटर, तर लहान बी प्रकारात सुमारे १५०० लिटर प्राणवायू मावतो. मिनिटाला १० लिटरप्रमाणे मोठे सिलिंडर साडेअकरा तासांहून थोडे अधिक चालते. मिनिटाला ६० लिटरचा शुद्ध प्राणवायू नाकातून द्यायचा तर तेच सिलिंडर दोन तासांच्या आत रिकामे होते. एका रुग्णाला एका दिवसाला बारा-तेरा मोठी सिलिंडरे! पाच तासांच्या प्रवासात मिनिटाला १० लिटर धरल्यास ३००० लिटर, म्हणजे दोन लहान सिलिंडरे पूर्ण संपतात आणि घाटात वा पुलावर गाडी अडकली तर राखीव काहीच उरत नाही.

पुरवठा खंडित झाल्यास काय होते हे महाराष्ट्राने २१ एप्रिल २०२१ रोजी नाशिक येथे पाहिले. महापालिकेच्या डॉ. झाकिर हुसेन रुग्णालयातील प्राणवायूच्या टाकीतून गळती झाली, दाब खाली गेला आणि किमान २२ रुग्णांचा मृत्यू झाला. त्याच वर्षी औरंगाबादच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालय व रुग्णालयाला मिळालेल्या व्हेंटिलेटरांपैकी अनेक नादुरुस्त असल्याचा प्रश्न मुंबई उच्च न्यायालयाच्या खंडपीठापुढे आला. यंत्रांची संख्या ही कृत्रिम श्वसनाच्या क्षमतेची मोजदाद होऊ शकत नाही, हे या दोन घटनांनंतर तरी वेगळे सांगावे लागू नये.

ढाका आणि सालिमा

स्थळ बदलले की पद्धतीचे मूल्य कसे बदलते याचे सर्वांत स्पष्ट उदाहरण लहान मुलांच्या न्यूमोनियातून मिळते. पाण्याच्या बाटलीत नळीचे टोक बुडवून सतत दाब निर्माण करण्याची 'बुडबुडा' पद्धत अत्यंत स्वस्त आहे. ढाका येथील रुग्णालयात २२५ बालकांवर झालेल्या व २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत साध्या अल्प प्रवाहाच्या गटात १५ टक्के, तर बुडबुडा पद्धतीच्या गटात ४ टक्के बालके दगावली. ही बातमी गरीब देशांतील सर्वांनाच आनंदाची वाटली.

चार वर्षांनी आफ्रिकेतील मलावी देशातल्या सालिमा जिल्हा रुग्णालयातील चाचणी आली. तीत ६४४ बालके होती. येथे अल्प प्रवाहाच्या गटात ११ टक्के आणि बुडबुडा पद्धतीच्या गटात १७ टक्के मृत्यू झाले. पद्धत तत्त्वतः तीच, निकाल उलटा. दोन्ही ठिकाणची मुले सारखी नव्हती, हे खरे. सालिमातील मुलांत कुपोषण, एचआयव्हीशी संबंधित व इतर धोक्याचे आजार होते. पण सर्वांत ठळक फरक देखरेखीचा होता. ढाक्यात डॉक्टर व प्रशिक्षित परिचारिका सतत मुलांजवळ होत्या आणि पुढची पायरी, म्हणजे पूर्ण यंत्र, उपलब्ध होती. सालिमात डॉक्टरांची रोजची देखरेख नव्हती. पोट फुगणे, नाकातील नळी सुटणे, ओकारी श्वासनलिकेत जाणे या गोष्टी लहान असतात आणि त्या पहिल्या दहा मिनिटांत लक्षात आल्या तरच लहान राहतात.

सिरोंचाची तुलना कोणाशी करायची, ढाक्याशी की सालिमाशी? याचे उत्तर नकाशावर मिळत नाही. रात्री दोन वाजता कक्षात कोण हजर असते यावरून ते ठरते.

गडचिरोलीचा स्वतःचा पुरावा

या जिल्ह्याला श्वसनरोगांच्या संशोधनाची स्वतःची परंपरा आहे, हे आपण प्राध्यापक मंडळीही पुष्कळदा विसरतो. डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने येथील गावांत केलेली चाचणी १९९० मध्ये 'लॅन्सेट'ने प्रसिद्ध केली. गावातील प्रशिक्षित कार्यकर्त्यांनी श्वास मोजून न्यूमोनिया ओळखायचा आणि तोंडाने घ्यायचे जंतुनाशक द्यायचे, असा तो प्रयोग होता. उपचार झालेल्या न्यूमोनियातील मृत्यूचे प्रमाण ०.८ टक्के, तर तुलनेच्या गावांतील न्यूमोनियात ते १३.५ टक्के आढळले. पुढे ३९ गावांतील नवजात बालकांच्या घरगुती सेवेत याच स्तरावरच्या स्त्री-कार्यकर्त्यांनी जन्मतः न रडलेल्या बाळांना मुखवटा व पिशवीने श्वास दिला. तो अनुभव २००५ साली प्रसिद्ध झाला. कृत्रिम श्वसन हे केवळ अतिदक्षता विभागाचे काम नव्हे, याचा हा पुरावा जगाला गडचिरोलीने दिला.

रायगड जिल्ह्यातील महाडचे उदाहरणही येथे जोडण्यासारखे आहे. विंचूदंशाने फुप्फुसात पाणी भरून मुले दगावत असत. डॉ. हिम्मतराव बावस्कर यांनी प्राझोसिन या रक्तदाबावरील स्वस्त गोळीचा वापर १९८६ मध्ये 'लॅन्सेट'मधून मांडला आणि कोकणात या मृत्यूंना मोठा आळा बसला. तेथे फुप्फुस वाचले ते यंत्राची पाळी येण्याआधी.

सिरोंचाच्या ग्रामीण रुग्णालयापुरता विचार केल्यास पद्धतींचा क्रम मोठ्या शहरातील पाठ्यपुस्तकापेक्षा वेगळा लावावा लागतो. तीव्र हिवतापाच्या रुग्णाला सलाईन बेताने देणे हा येथे श्वसनोपचाराचाच भाग मानला पाहिजे. २००६ साली एक हजार रुग्णांवर झालेल्या अमेरिकी चाचणीत द्रव आवरून दिलेल्या गटाचे यंत्रमुक्त दिवस अधिक भरले होते. श्वासाची गती व प्राणवायूमापकाचा आकडा दर तासाला लिहिला गेला, तर रुग्ण हलवण्याचा निर्णय तो बोलू शकत असतानाच घेता येतो. जानेवारी २०१४ पासून महाराष्ट्रात सुरू झालेल्या १०८ सेवेच्या ९३७ रुग्णवाहिकांपैकी २३३ प्रगत जीवरक्षक प्रकारच्या होत्या, म्हणजे प्रत्येक हाकेला व्हेंटिलेटर असलेलीच गाडी येईल असे नाही. म्हणून निघण्यापूर्वी नळी घालायची की वाटेत पालथे निजवून, मुखवट्याने प्राणवायू देत न्यायचे, सिलिंडरे किती बरोबर घ्यायची, आलापल्ली-अहेरीला उपजिल्हा रुग्णालयात थांबायचे की नाही, हे प्रश्न गाडी दारात येण्याआधी सुटलेले असावे लागतात. नळी घातलीच, तर रुग्णाची उंची आणि दर श्वासाची मिलिलिटरमधील मर्यादा चिठ्ठीवर लिहून ती पिशवी दाबणाऱ्याच्या हाती द्यावी. पुढची दोनशे किलोमीटर फुप्फुसाचे रक्षण त्याच्याच हातात असते.